ल्हासाहून आलेलीं मुखें

मॅक्लिओडगंजास जाणारे बहुतेक प्रवासी भागसूचा धबधबा पाहून व लोकरी शाली घेऊन परततात. आमचा पाय मात्र त्सुगलाखांग मंदिरांतून निघेना. १९५९ सालीं तिबेट सोडलेले दलाई लामा याच्याच समोर राहतात. इमारत म्हणाल तर साधी, सिमेंटची. ल्हासाचें वैभव तेथें शोधूं नये. परंतु १९६६ सालीं, चीनच्या सांस्कृतिक क्रांतींत, ल्हासाच्या जोखांग मंदिरांतील अवलोकितेश्वराची मूर्ति फोडली गेली; भाविकांनीं वांचविलेलीं तिचीं शांत व उग्र मुखें १९६७ सालीं नेपाळमार्गें गुप्तपणें भारतांत आलीं, तीं येथेंच जपलीं आहेत. एक वृद्ध तिबेटी बाई हातांतील माळ न सोडतां साष्टांग नमस्कार घालीत होती. आम्ही हळूच बाजूस सरलों.