केसभर मागे, केसभर पुढे

शेगावला गजाननमहाराजांच्या दर्शनाला जाणारे वाचक पुष्कळ. पण तेथून उत्तरेला सातपुड्याच्या अंगाने गेले की संग्रामपूर तालुका लागतो, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक. वर अंबाबरव्याचे अभयारण्य, खाली काळी जमीन आणि तीत कपाशी. माझी थोरली बहीण याच तालुक्यात दिलेली. त्यामुळे सुटीत हा मराठीचा मास्तर खडू ठेवून कपाशीच्या तासात उभा असतो, आणि हल्ली त्याच्या हाती असतो भाच्याचा मोबाईल. त्याच्या कॅमेऱ्यावर, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे चिमटून बसणारे एक छोटे भिंग!

पोरखेळ म्हणून हसू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची दैना केली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. तेव्हापासून बहिणीच्या घरचा दंडक असा, की कीड कोणती ते कळल्याखेरीज पंप पाठीवर घ्यायचा नाही. कळायचे कसे? जाणत्याला फोटो पाठवून. पण फुलकिडा जेमतेम मिलिमीटरभर, बोंडअळीचे अंडे त्याच्याही निम्मे! "मामा, कीड आहे का कचरा, काईच समजत नाई," भाचा कुरकुरतो. अशा धुक्यातून जाणता तरी काय ओळखणार?

या धुक्याचे कारण साधे आहे. भिंगाची शक्ती आपल्या चष्म्याच्या नंबरातच मोजतात. दहा नंबरचे भिंग असेल तर एका मीटरचा दहावा भाग, म्हणजे १० सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. दुकानात 'दहापट' म्हणून मिळते त्याचा नंबर भरतो चाळीस, म्हणजे अंतर अवघे अडीच सेंटिमीटर. आणि त्या अंतरावरही स्पष्टतेचा थर असतो तिळाच्या जाडीएवढा! फोनचा स्वतःचा फोकस तेथे चार-दोन मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही. लोक मात्र पडद्यावर बोटे आपटीत बसतात. (विकणाऱ्यांना मोठमोठ्या आकड्यांची भारी हौस. माझे विचाराल तर लहान आकड्याचेच भिंग घ्यावे. अंतर सैल मिळते आणि किड्यावर आपलीच सावली पडत नाही.)

तेव्हा फोकस फिरवायचा नाही, तो बांधून टाकायचा. पडद्यावर बोट क्षणभर दाबून धरले की बहुतेक फोनांत तो बांधला जातो. मग फोनच केसभर मागे, केसभर पुढे न्यायचा, आणि किड्याचा डोळा लख्ख दिसला की टिपायचे. ही युक्ती आजची नव्हे. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने एकाच इवल्या भिंगातून सूक्ष्म जीव पाहिले, तेही असेच. भिंग जागच्या जागी, आणि टोकावर चिकटवलेली वस्तू मळसूत्राने सरकवायची! कापडवाल्याची विद्या कपाशीच्या रानात उपयोगी पडावी, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आपल्याजवळ मळसूत्र नसते. त्याचे काम कोपरांनी करायचे. ती गुडघ्यावर टेकवावीत, श्वास अर्धा सोडून थांबावे. पान वाऱ्याने हलते म्हणून फोन धरलेल्या हाताच्याच करंगळीने त्याचा देठ धरावा, म्हणजे हलले तरी दोन्ही बरोबर हलतील. वेळ सकाळची, गारठ्यात किडे सुस्त असतात. आणि हल्लीच्या फोनला मागे दोन-तीन डोळे! जवळचे काही दिसले की काही फोन आपण होऊन दुसऱ्याच डोळ्याने पाहू लागतात. भिंग बिचारे पहिल्यावरच. ती सोय बंद करून ठेवावी. भिंगाच्या कडेला चित्र पसरट होते, म्हणून कीड मधोमध घ्यावी. गच्चीवरच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण शोधणाऱ्या गृहिणींनाही हेच लागू.

गेल्या खेपेस आम्हाला डोमकळी सापडली. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल. भाच्याने ते हलकेच उलगडले. आत अळी होती, पण गुलाबी नव्हे. ती कोवळेपणी पांढुरकीच असते, डोके तेवढे काळपट. ते डोके धरून त्याने सतरा फोटो घेतले, त्यांतले दोन पाठवण्याजोगे. सोबत साऱ्या झाडाचा एक आणि मापासाठी नाणे शेजारी ठेवून एक. दुपारी उत्तर आले: बोंडअळीच आहे; मात्र शंभर फुला-बोंडांत दहांना लागण दिसेपर्यंत फवारणी नको, डोमकळ्या तोडून नष्ट करा.

दुसऱ्या सकाळी बहीण, भाचा आणि मी तासातासाने मोजत निघालो. शेकडा चार भरली. तोडलेल्या डोमकळ्या बहिणीने बांधावर जाळल्या.