मेणाचा माइक आणि उसन्या गाद्या

घोलवडहून एका वाचकाने विचारलं आहे: घरच्या घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं आहे. आजोबांचा तारपा आणि धवलेरी (लग्न लावणारी बाई) असलेल्या आत्याच्या तोंडची लग्नातली गाणी नीट मुद्रित करून ठेवायची आहेत. हाताशी पंचवीसेक हजार रुपये आहेत, तर कोणते प्लगइन घेऊ? सोबत सात-आठ नावांची यादी आहे आणि बहुतेक नावांपुढे ‘सध्या ऐंशी टक्के सूट’ असं लिहिलंय. (ही सूट बारा महिने सुटलेलीच असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) यादीत माइक एकच, तोही प्रश्नचिन्हासकट. खोलीबद्दल अवाक्षर नाही. म्हणून आधी खोलीचंच बघू.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवंकोरं व्याख्यानगृह उघडलं आणि लगेच लक्षात आलं, की तिथे बोललेलं कुणालाच कळत नाही. एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्ता वाक्य संपवून पुढे गेलेला असे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे लचांड वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाच्या गळ्यात घातलं. माइक नाही, ॲम्प्लिफायर नाही. सॅबिनने ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान एवढ्यावर काम सुरू केलं. सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या थोड्या थोड्या वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. रात्रच का, तर दिवसा ट्रामचा खडखडाट.

मधेच त्याला कळलं, की आपण अंगात काय घातलंय त्यानेही आकडे बदलतात. तीन हजारांहून अधिक नोंदी त्याने सरळ टाकून दिल्या आणि पुढे रोज रात्री तोच कोट, तीच विजार. १८९८मध्ये त्या सगळ्या आकड्यांमागचा आलेख हायपरबोला आहे असं उमगलं, तेव्हा ही बातमी त्याने धावत जाऊन पहिल्यांदा आईला सांगितली म्हणतात. ध्वनिशास्त्राच्या इतिहासात मला हा माणूस सर्वांत आवडतो, त्याचं कारण ते कपडे.

त्याच्या सूत्रात खोलीचं घनफळ वर आणि शोषण खाली असतं. आपल्या सिमेंटच्या दहा बाय बाराच्या खोलीला ते लावून बघा. प्लास्टर, लादी आणि स्लॅब आवाज जवळपास काहीच शोषत नाहीत, त्यामुळे रिकाम्या खोलीत आवाज सेकंद-दीड सेकंद सहज रेंगाळतो. अशा खोलीत गाणाऱ्यापासून फूटभर लांब गेलात, की माइकमध्ये गाण्यापेक्षा भिंतीच जास्त येऊ लागतात. दोन-तीन जाड गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, मागे गोधड्या टांगल्या, तर हा वेळ निम्म्यावर येतो. खर्च शून्य. उलट खोलीचा घुमारा नंतर पुसून देतो म्हणणारे प्लगइन काही हजारांचे असतात, आणि घुमाऱ्याबरोबर आवाजाचा टवकाही उडवतात.

तुमच्या डहाणू-तलासरीत मात्र एक आडवाट आहे. जुनं कुडाचं घर असेल तर आधी तिथे जा. कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचं लिंपण, भिंत कुठेच सपाट किंवा एकमेकींना समांतर नाही, वर गवताचं शाकार. खालचे खर्जातले आवाज पातळ भिंती हलवून बाहेर निघून जातात, वरचे गवतात जिरतात. शहरातले लोक पैसे मोजून हेच करून घेतात. घरकुलाचं पक्कं घर बांधल्यावर मागचा कूड पाडला नसेल, तर तुमचा स्टुडिओ आधीपासून उभा आहे.

आणि चिकूची वाडी? तिथे तर भिंतच नाही, घुमण्याचा प्रश्नच मिटला. तारपा मुळात उघड्यावर, नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यात वाजवायचं वाद्य आहे. वारली चित्रांत तो तसाच भेटतो. अडचण वाऱ्याची. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, आणि कूस बदलताना मधे सकाळी थोडा वेळ पान हलत नाही. तो वेळ पकडायचा. शिवाय माइकला केसाळ टोपी हवीच. तोंडाला न जाणवणारी झुळूकही माइकच्या पडद्यावर धडधडते. मुंबई-सुरत मार्गावरच्या मालगाड्यांचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

आता माइक, आणि इथे थोडं विषयांतर सहन करा.

तारपा बनतो दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून, आणि सांधे बुजवायला मेण. १९१९च्या सुमारास तोक्योच्या नौदल महाविद्यालयातले मोतोतारो एगुची हेही मेणच वितळवत होते. ब्राझीलच्या पाममधून निघणारं कार्नोबा मेण, राळ आणि थोडं मधमाशीचं मेण. हे मिश्रण त्यांनी जोरदार विद्युतक्षेत्रात ठेवून थंड होऊ दिलं. गोठलेल्या वडीच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार अडकून बसला, आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही तसाच राहिला. लोहचुंबक जसा चुंबकत्व धरून ठेवतो, तशी ही वडी वीज धरून ठेवत होती. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. १९२५मध्ये एगुचींचा निबंध इंग्रजी नियतकालिकात आला, लोकांनी वाचला आणि कुतूहलाच्या कपाटात ठेवून दिला.

कंडेन्सर माइकला प्रभार बाहेरून पुरवावा लागतो. तो पडद्यातच कायमचा भरलेला असेल तर माइक लहान होतो, स्वस्त होतो. मेणाच्या माइकचे प्रयत्न झालेही, दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी फील्ड-टेलिफोनमध्ये ते सापडले. पण दमट हवेत मेणाचा प्रभार गळून जाई. १९६२मध्ये बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी मेणाऐवजी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घेतला आणि काम फत्ते झालं. १९६४मध्ये पेटंट मिळालं. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्रं सगळीकडे हाच माइक गेला. आज मोबाइलमध्ये सिलिकॉनचे माइक आलेत, पण शर्टाला लावायचा स्वस्त कॉलर माइक अजून बहुधा इलेक्ट्रेटच असतो. वेस्ट हे कृष्णवर्णीय अमेरिकन, व्हर्जिनियात वांशिक भेदाच्या काळात वाढलेले. भल्या थोरल्या स्टुडिओ-माइकांच्या जाहिरातींत जर्मन कंपन्यांची नावं सोनेरी अक्षरांत असतात. ज्यांच्यामुळे माइक शंभर रुपयांत हाती आला, त्या वेस्ट आणि एगुचींचं नाव कुठल्याही खोक्यावर दिसत नाही.

तात्पर्य खरेदीपुरतं: महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवणं चांगलं. अंतर निम्मं केलंत की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोली तेवढीच राहते. तारपा दणकट वाजतो, त्याला नाजूक माइकची गरज नाही. घोलवडची खारट दमट हवा मात्र माइकला आजही मानवत नाही. काम झालं की हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

राहिले प्लगइन. यादीत पहिला सूर ‘दुरुस्त’ करणारा आहे. या जातीचा मूळपुरुष ऑटो-ट्यून, १९९७चा. बनवणारे अँडी हिल्डेब्रँड हे आधी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातल्या लहरींचं गणित करायचे. जमिनीत स्फोट करायचा, परतणाऱ्या लहरी नोंदवायच्या आणि एकीवर दुसरी सरकवत कुठे जुळते ते पाहायचं. तुमच्या तालुक्याला लहरींचं वेगळं प्रास्ताविक नको. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्के बसू लागले, लोक घराबाहेर तंबूत झोपले आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक आणून लावले. तिथल्या नोंदी वाचतानाही लहरींची अशीच जुळवाजुळव कामी येते. हिल्डेब्रँडनी ती गळ्याला लावली. आवाजाची लहर स्वतःवरच सरकवायची, जितक्या वेळाने पुन्हा जुळेल त्यावरून सूर ठरवायचा आणि मग तो जवळच्या सुरावर ढकलायचा. गणित अफलातून आहे. फक्त ‘जवळचा’ म्हणजे कुठला? पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी एक, असं गृहीत धरलेलं असतं. तारप्याची भोकं पेटी पाहून पाडलेली नसतात. आजोबांच्या तारप्याचे सूर प्लगइनच्या लेखी चूकच ठरतील, आणि ती चूक तो मुकाट्याने दुरुस्त करील.

दुसरा आहे गोंगाट काढणारा. १९७९मध्ये स्टीव्हन बोल यांनी बोलण्यातला गोंगाट वजा करण्याची रीत मांडली: माणूस गप्प असताना जे सतत ऐकू येतं तो गोंगाट, तो मोजा आणि सगळीकडून वजा करा. पंख्याच्या घरघरीला हे उत्तम लागू पडतं. पण या कुळातल्या अनेक प्रोग्रॅमांना एकसारखं, न थांबता चालणारं काहीही गोंगाटच वाटतं. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांनी हे भोगलंय: समोर गुरुजी गातायत आणि तंबोरा गायब. तारपा वाजवणारा गालात हवा साठवून श्वास न तोडता वाजवतो, स्वराला खंड नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर त्यातली गोंगाट-गाळणी आधी बंद करा, नाहीतर यंत्र तारप्यालाच पंखा समजेल.

बाकीचे चार-पाच इक्वलायझर, तेही सोन्याच्या मोलाचे. त्यांची परीक्षा घरी करता येते. बहुतेकांची चाचणी-प्रत फुकट मिळते. एकच तुकडा दोन ट्रॅकवर ठेवा, एकावर महागडा इक्वलायझर, दुसऱ्यावर प्रोग्रॅमबरोबर आलेला फुकटचा. दोन्हींवर वक्र शक्य तितका सारखा आणा, एकाची कला (फेज) उलटी करा आणि दोन्ही एकदम वाजवा. दोघांचं काम सारखं असेल तर धन आणि ऋण एकमेकांना खाऊन शांतता उरते. साध्या डिजिटल इक्वलायझरांच्या बाबतीत पुष्कळदा तीच उरते. तुलना करताना आवाजाची पातळीही सारखी ठेवा. नुसता डेसिबलभर मोठा केलेला आवाज कानाला ‘भरदार’ वाटतो, आणि बरेच प्रीसेट नेमकं तेवढंच करतात.

तसंच १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल-रेटचं. २००७मध्ये मेयर आणि मोरन यांनी श्रोत्यांना अतिउच्च दर्जाचं मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं ऐकवलं. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा ओळख बरोबर आली. नाणेफेकही एवढंच देते. तुम्ही ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. २४ बिटला हिशोबाने १४४ डेसिबलचा आवाका आहे, त्यामुळे पातळी लाल रेषेपर्यंत ताणायचं कारण नाही. सर्वांत मोठा स्वरही उणे १२ डेसिबलच्या खाली राहू द्या.

मी तुमच्या जागी असतो तर सेलवर चालणारा हातातला रेकॉर्डर, माइकची केसाळ टोपी, कान झाकणारा बरा हेडफोन आणि एक स्टँड घेतला असता. वीज गेली तरी काम थांबत नाही आणि कूड असो की वाडी, सामान एका पिशवीत मावतं. कापाकापीला ऑडॅसिटी आहे, २०००पासून फुकट. वाजवण्याआधी तारीख, गाव, वाजवणाऱ्याचं नाव आणि त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या. उरलेल्या पैशांतून दोन हार्ड डिस्क आणा. मूळ फाइल एकीत, प्रत दुसरीत, आणि ती दुसरी नातेवाइकांकडे, दुसऱ्या गावी.