तारा त्याच, बिल वेगळं

बिलाची भाषा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात ब्रिटनमधल्या वीज-गॅसच्या बिलावरचे शब्द आपण एकेक करून पाहिले. तो लेखांक वाचून लंडनमधल्या हॅरोहून मावशींचा फोन आला. नात्याने त्या माझ्या मावशी नव्हेत, पण त्या भागातल्या मराठी घरांमध्ये त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. आयुष्यभर इथल्या रुग्णालयात नर्स म्हणून राबल्या, आता तीन बेडरूमच्या घरात एकट्या असतात. म्हणाल्या, "अरे, माझ्या बिलावर 'स्टँडर्ड व्हेरिएबल' लिहिलंय. हे बरं की वाईट?"

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर त्यांनी वर्षभराची बिलं तारखेनुसार लावून ठेवली होती. काका गेले तेव्हा खात्यावरचं नाव बदललं, कंपनी मात्र तीच राहिली. तुलना करणारी वेबसाइट उघडून बघू या का, असं विचारलं तर त्या थोड्या दुखावल्या. "इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकदाही अंधार होऊ दिला नाही. आणि आता दोन पैशांसाठी सोडायचं?"

त्यांच्या या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी. कंपनी बदलायची म्हटलं की माणसं कचरतात, त्यामागे बहुतेक वेळा हाच समज असतो: दिवे कंपनी लावते. तसं नाही. घरापर्यंत येणाऱ्या तारा आणि गॅसची नळी सांभाळणारी कंपनी वेगळी असते. ती तुमच्या भागाला नेमून दिलेली असते, ती ग्राहकाला निवडता येत नाही आणि तिला बिलातून तिचा वाटा मिळतच राहतो, बिल कुणाचंही असो. वीज गेली तर १०५ हा एकच क्रमांक फिरवायचा, तुमचा सप्लायर कोणता हे तिथे महत्त्वाचं नसतं. सप्लायर घाऊक बाजारातून वीज आणि गॅस विकत घेतो, दर ठरवतो, बिल पाठवतो, फोन उचलतो. सप्लायर बदलला की बिल पाठवणारा बदलतो. मीटर तोच राहतो, तारा त्याच राहतात आणि एक मिनिटही अंधार होत नाही.

मुंबईच्या उपनगरांत राहिलेल्यांना हे लवकर पटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर तिथे रिलायन्सच्या तारांवरून टाटांची वीज घेण्याची वाट मोकळी झाली आणि लाखो घरांनी ती घेतली. तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची आणि बिलात 'वहन आकार' वेगळा दाखवलेला. ब्रिटनमध्ये हीच गोष्ट देशभर लागू आहे. घरगुती गॅसची बाजारपेठ १९९८ मध्ये आणि विजेची १९९९ मध्ये सगळ्यांसाठी पूर्ण खुली झाली.

त्या व्यवस्थेचा पाया एका गृहीतकावर होता: ग्राहक जागा राहील, भाव विचारील, महाग वाटलं की उठून दुसऱ्या दुकानात जाईल. प्रत्यक्षात बहुतेक माणसं उठली नाहीत. स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये मोठ्या चौकशीचा अहवाल दिला, तेव्हा सहा बड्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक आपोआप लागणाऱ्या, म्हणजे 'स्टँडर्ड व्हेरिएबल' दरावर होते. स्पर्धा नीट चालली असती तर जेवढं द्यावं लागलं असतं, त्याहून ग्राहक वर्षाला सरासरी १४० कोटी पौंड जास्त मोजत होते. न हलणाऱ्यांमध्ये कोण जास्त होतं तेही त्या चौकशीत दिसलं: कमी उत्पन्नाची, कमी शिकलेली, भाड्याने राहणारी आणि पासष्टी ओलांडलेली माणसं. कंपन्या नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी स्वस्त दर देत आणि त्याची भरपाई जुन्या ग्राहकाकडून करत. मावशींनी निष्ठा म्हणून जे जपलं, त्याची किंमत वर्षानुवर्षं त्यांच्याच खात्यातून जात होती. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

सरकारने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून या आपोआप लागणाऱ्या दरांवर कमाल मर्यादा आली. सर्वसाधारण घरासाठी ती तेव्हा वर्षाला १,१३७ पौंड होती. इथे जवळजवळ प्रत्येकाची एक गल्लत होते. बातमीत एक आकडा येतो आणि लोकांना वाटतं, आपलं बिल याच्या वर जाणार नाही. मर्यादा असते ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर. जास्त जाळाल तर बिल जास्तच येणार. बातमीतला आकडा म्हणजे नियामकाने, म्हणजे ऑफजेमने, मानलेल्या एका नमुन्याच्या घराचा हिशेब.

मग २०२१ उजाडलं. गॅसचे घाऊक भाव असे भडकले की स्वस्तात करार करून बसलेल्या आणि पुढची खरेदी आधीच करून न ठेवलेल्या छोट्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. त्या जुलैपासून वर्षभराच्या आतच पंचवीसहून अधिक बंद पडल्या. तुलना करणाऱ्या वेबसाइटवर दाखवायला स्वस्त करारच उरले नाहीत. बुडालेल्या कंपनीच्या ग्राहकांची वीज तुटली नाही, खात्यात जमा असलेले पैसेही बुडाले नाहीत. ऑफजेमने त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवलं. पण त्या सोपवण्याचा खर्च पुढे सगळ्यांच्याच बिलात चढला. कधीही कंपनी न बदललेल्या मावशींनीसुद्धा तो भरला. म्हणून यादीत सगळ्यात वर दिसणारा स्वस्त दर डोळे झाकून घ्यावा असं मी कुणालाही सांगत नाही. ग्राहकसेवेत कोणती कंपनी कशी आहे याची तारांकित यादी 'सिटिझन्स ॲडव्हाइस' ही संस्था काढते. ती आधी पाहावी.

आता टेबलावर परत येऊ.

वेबसाइटने पोस्टकोड विचारला, कारण स्थिर आकार आणि दर भागानुसार बदलतात. मग विचारलं: घरात बेडरूम किती? मावशींनी खरं तेच सांगितलं: तीन. झालं, वेबसाइटने त्यांना चार माणसांच्या कुटुंबात बसवलं. त्या राहतात एका खोलीत, हिवाळ्यात बाकीच्या खोल्यांचे हीटर बंद असतात आणि स्वयंपाक म्हणजे सकाळी एकदा कुकर. वेबसाइटने काढलेली 'बचत' त्यांच्या घराची नव्हतीच. अशा ठिकाणी बेडरूमवर जाऊ नये, 'मला माझा वापर माहीत आहे' हा पर्याय निवडावा आणि तिथे पौंड न भरता युनिट भरावेत. पौंडांत जुना दर मिसळलेला असतो. युनिट म्हणजे निव्वळ तुमची राहणी.

युनिट बिलावर छापलेले होते, पण त्या आकड्याशेजारी 'ई' हे अक्षर होतं. अंदाजे. कंपनीने मीटर न वाचता टाकलेला आकडा. मग आम्ही जिन्याखालचं कपाट उघडलं. भाजणीचा डबा, जुनी इस्त्री, काकांची छत्री असं सगळं बाजूला काढलं तेव्हा कुठे मीटर दिसला. मावशींनी मोबाइलचा उजेड धरला, मी आकडे वाचले आणि त्यांनी नर्सच्या सवयीने ते दोनदा मोठ्याने म्हणून दाखवले. खरं रीडिंग कंपनीच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी निघालं. वर्षाचे जेमतेम १,५०० युनिट. ऑफजेमने २०२३ मध्ये नमुन्याच्या घरासाठी हाच आकडा २,७०० धरला होता.

गॅसच्या मीटरची एक वेगळी खोच आहे. तो युनिट मोजत नाही, सहसा घनमीटर मोजतो, आणि एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. मीटरवरच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून ती तशीच वेबसाइटवर टाकली तर तुमचा वापर अकरा पटींनी कमी दिसतो आणि पुढचा सगळा हिशेब कोसळतो. बिलावर रूपांतर करून दिलेलं असतं, गॅससाठी तेच घ्यावं.

मावशींचे १,५०० युनिट टाकल्याबरोबर यादीचा क्रम पालटला. का पालटला ते त्यांना मी कागदावर सोप्या आकड्यांत मांडून दाखवलं. समजा एका कंपनीचा दर युनिटला २५ पेन्स आणि स्थिर आकार रोज ६० पेन्स. दुसरीचा दर २८ पेन्स आणि स्थिर आकार ४० पेन्स. वर्षाला ४,००० युनिट जाळणाऱ्या घराला पहिली कंपनी १,२१९ पौंडांना पडते आणि दुसरी १,२६६ ला. म्हणजे पहिली बरी. मावशींच्या १,५०० युनिटांना मात्र पहिली ५९४ पौंड होते आणि दुसरी ५६६. दर जास्त असूनही दुसरीच स्वस्त.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे चटकन उमजत नाही, कारण महाराष्ट्रातल्या बिलाची घडण उलटी आहे. तिथे पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो, पुढच्या टप्प्याला वाढतो. कमी वापरणाऱ्याला युनिट स्वस्त पडतं. स्थिर आकार तिथेही आहे, पण टप्प्यांमुळे लहान घराला दिलासा मिळतो. इथे टप्पे नाहीत. त्यामुळे वरच्या पहिल्या कंपनीत मावशींना एक युनिट जवळजवळ ४० पेन्सला पडतं आणि मोठ्या घराला साडेतीस पेन्सला. एकट्या, काटकसरीने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वीज महाग पडावी हे मला अन्यायाचं वाटतं. स्थिर आकारावर इथे वाद चालू आहे तो यासाठीच. तो निकाली निघेपर्यंत अशा माणसाने यादी पाहताना आधी स्थिर आकार पाहावा आणि मग दर.

आणखी एक गोष्ट यादी पाहतानाच लक्षात ठेवायची. वेबसाइट ग्राहकाकडून पैसे घेत नाही. बदल झाला की नवी कंपनी तिला दलाली देते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ज्या कंपन्या दलाली देत नाहीत त्या यादीत दिसतीलच असं नाही. ब्रिटिश संसदेच्या ऊर्जा समितीने २०१५ मध्ये याच कारणासाठी या वेबसाइटवाल्यांना धारेवर धरलं होतं: काही ठिकाणी प्रश्नच असा विचारला जात होता की उत्तर देणाऱ्याला न कळत दलाली न देणारे करार यादीतून गळून जावेत. त्यानंतर नियम कडक झाले, पुढे सगळे करार दाखवण्याची सक्ती पुन्हा सैल झाली. म्हणून पडद्यावरचं 'फक्त आमच्यामार्फत घेता येणारे करार' हे बटण शोधून बंद करावं, आणि एकाऐवजी दोन वेबसाइट पाहाव्यात. ऑफजेमच्या 'कॉन्फिडन्स कोड'खाली मान्यता असलेली वेबसाइट निवडली तर पायाभूत नियम तरी पाळले जातात.

मावशींनी एक वर्षाचा फिक्स्ड, म्हणजे मुदतभर दर न बदलणारा, करार निवडला. हे अमुक कंपनी चांगली म्हणून मी इथे लिहीत नाही, कारण दर तीन महिन्यांनी मर्यादा बदलते आणि फिक्स्ड करार कधी तिच्याखाली असतात, कधी वर. मुदतीआधी बाहेर पडलं तर किती दंड, हे आम्ही करारात शोधून वाचलं. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या ४९ दिवसांत मात्र कंपनीला दंड घेता येत नाही, ती तारीख मावशींनी लगेच लिहून घेतली. हिवाळ्यात मिळणारी १५० पौंडांची 'वॉर्म होम डिस्काउंट' नवी कंपनी देते का हेही आधी पाहून घेतलं. काही छोट्या कंपन्या त्या योजनेत नसतात, आणि गरजू माणसाला स्वस्त दरापेक्षा ते १५० पौंड मोलाचे असतात.

बाकी काम नवी कंपनी करते. जुनीला कळवायचं नाही, फोन करायचा नाही, जुनी डायरेक्ट डेबिट आपण घाईने बंद करायची नाही. बदलाला साधारण पाच कामाचे दिवस लागतात, आणि मन बदललं तर १४ दिवसांत करार मागे घेता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि नव्या जोडप्यांनीही एवढं लक्षात घ्यावं की बिल तुमच्या नावावर असेल तर हा हक्क तुमचाच आहे.

बदलाच्या दिवशी करायचं काम एकच: मीटरचा फोटो. तारीख दिसेल असा, आकडे स्पष्ट येतील असा. माझ्या स्वतःच्या बदलाच्या वेळी जुन्या कंपनीने शेवटचं रीडिंग अंदाजाने लावलं आणि न जाळलेल्या गॅसचे पैसे मागितले. फोटो होता म्हणून दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ते सुटलं.

मावशींच्या बदलाची तारीख येत्या गुरुवारची आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या दिवसाच्या चौकटीत त्यांनी 'मीटर' असं लिहिलंय, आणि पुढच्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेलाही. जुन्या कंपनीकडे अंदाजाच्या बिलांमुळे जमा राहिलेले त्यांचे पैसे अजून यायचे आहेत. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत रक्कम परत. मी निघताना त्या कपाटासमोर उभ्या होत्या. भाजणीचा डबा आता त्यांनी दुसरीकडे ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात : प्रीपेमेंट मीटर, आणि थकबाकी असताना कंपनी बदलता येते का.