पन्नाशीनंतर बर्फावर

ज्या वयात घरची माणसे ‘जपून हं, पडाल’ असे बजावू लागतात, त्या वयाचे काही स्त्री-पुरुष हौसेने बर्फावर उतरतात. कर्लिंग या खेळाची ज्येष्ठांसाठीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००२ मध्ये अमेरिकेतील बिस्मार्क येथे प्रथम भरली. करोनाकाळातील खंड वगळता ती दरवर्षी होत आली आहे. पुरुषांचे व महिलांचे गट स्वतंत्र असतात आणि खेळाडूचे वय किमान ५० वर्षे असावे लागते.

स्कॉटलंडमध्ये उगम पावलेल्या या खेळात चौघांचा संघ असतो. सुमारे ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवरून ग्रॅनाइटचा दगड सरकवत सोडायचा आणि पलीकडच्या वर्तुळांच्या मध्याजवळ पोहोचवायचा, हे त्याचे मर्म. दगडाचे वजन २० किलोच्या आसपास असते. मात्र तो उचलून फेकायचा नसतो. सहकारी दगडापुढील बर्फ ब्रशने घासतात, त्यामुळे घर्षण घटते आणि दगड अधिक दूर जातो. कर्णधार पलीकडून दिशा दाखवतो. साहजिकच येथे बळाइतकेच मोल अंदाजाला आणि संयमाला आहे.

दगड सोडताना गुडघे खोल वाकवावे लागतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांना क्लबांतील खेळात लांब दांड्याने, उभ्यानेच दगड ढकलता येतो. व्हीलचेअरवरील खेळाडूंचे कर्लिंग तर २००६ पासून हिवाळी पॅरालिंपिकमध्ये आहे.

बर्फावर पडण्याचा धोका खराच. म्हणून बुटांना पकड देणारे रबरी तळ लावतात, ज्येष्ठांना व नवशिक्यांना हेल्मेट वापरण्यास सुचवतात. धोका ओळखून खेळ चालू ठेवायचा, ही त्यामागची दृष्टी.

आपल्या घरांत बर्फ नाही, पण पडण्याची भीती आहे. भीतीपोटी हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात, तोल ढळू लागतो आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. भक्कम ओट्याला धरून काही सेकंद एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. जवळ कोणीतरी असावे. चक्कर येत असेल, नुकतेच पडणे झाले असेल, हृदयविकार असेल किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. न्हाणीघरातील ओल आणि सरकणाऱ्या सतरंज्या यांचा बंदोबस्त मात्र आजच करावा.

कर्लिंगमध्ये सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र बसून गप्पा मारतात, अशी जुनी प्रथा आहे. व्यायामाइतकीच ही सोबतही वृद्धापकाळी हवीशी असते. म्हणून काळजीवाहू मुला-सुनांनी ‘बाबा, तुम्ही बसून राहा’ असे म्हणण्याऐवजी रोज दहा मिनिटे त्यांच्याजवळ उभे राहावे आणि हात पुढे करावा.