ओसरीवरचा पट आणि घरच्या लेकी

बुद्धिबळ हा आमच्या घरोघरचा जुना खेळ खरा. परंतु तो घरातील निम्म्याच माणसांचा खेळ होता, हेही तितकेच खरे. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वेळेस तोटा नसतो. होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, समुद्र खवळलेला, पागोळ्यांची धार अखंड. अशा दिवसांत ओसरीवर पट मांडला जाई आणि काका-आजोबांची बैठक दिवेलागणीपर्यंत चाले. स्त्रियांचा त्या बैठकीशी संबंध चहाचे पेले नेऊन ठेवण्यापुरता. एखादी चुणचुणीत मुलगी पटाशी बसलीच, तर दहा खेळ्या होतात न होतात तोच आतून हाक येई आणि तिचा डाव अर्धाच राही. पटावरील सर्वांत बलाढ्य मोहऱ्यास युरोपीय लोक राणी म्हणतात, आम्ही वजीर म्हणतो. पण मुलींना पटावर निवांत बसू द्यावे, ही गोष्ट उभयतांसही फार उशिरा सुचली.

स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा 1927 साली लंडन येथे झाली व व्हेरा मेन्चिक ही तीत विजयी झाली. आपल्याकडे स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली ती 1974 साली, बंगळूर येथे. आणि तिचे विजेतेपद एका मराठी मुलीने मिळविले. या वासंती खाडिलकर. त्यांच्या पाठोपाठ जयश्री व रोहिणी या बहिणींनीही ते पद मिळविले, आणि पहिले दशक या तिघींनी गाजविले. ‘नवाकाळ’ पत्राचे संस्थापक नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या या पणत्या. रोहिणीताईंनी तर 1976 साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. त्यावर एवढा गहजब झाला की, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूव्हे यांनी स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे व अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी ही परंपरा चालविली. एवढा वारसा घरचा असता आम्ही या खेळाडूंची नावे सत्कारापुरती लक्षात ठेवतो आणि त्यांचे डाव मात्र पाहत नाही, ही काही रसिकतेची खूण नव्हे.

डाव पाहण्याची गोडी कशी लागते, हे 2025 सालच्या जुलैत पुष्कळांच्या अनुभवास आले. जॉर्जिया देशातील बातुमी या समुद्रकाठच्या गावी स्त्रियांच्या विश्वचषकासाठी 107 खेळाडू जमल्या होत्या. जॉर्जिया हे नोना गाप्रिन्दाश्विली यांचे माहेर. 1962 ते 1978 अशी सोळा वर्षे त्या जगज्जेत्या होत्या. तेथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिचा मानांकनात पंधरावा क्रमांक होता. तिने जू जिनेर हिला हरविले, आपल्याच देशाच्या हरिकेस हरविले, माजी जगज्जेती तान झोंगयी हिलाही मागे टाकले. अंतिम फेरीत समोर बसल्या कोनेरू हंपी, वयाने व अनुभवाने दुपटीच्या. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. 28 जुलै हा दिवस श्रावणातील पहिल्या सोमवारचा. त्या दिवशी जलद डावांनी निकाल लावावयाचा होता. पहिला डाव पुन्हा बरोबरीत गेला. दुसऱ्यात घड्याळाच्या तगाद्यात हंपीबाईंच्या हातून चूक झाली आणि काळी मोहरी घेऊन खेळणारी दिव्या जिंकली. तिला रडू आवरेना. ती जाऊन आईच्या गळ्यात पडली. ग्रँडमास्टर होण्यास एरवी उच्च दर्जाच्या कामगिरीचे तीन दाखले व 2500 गुणांकन लागते. दिव्याजवळ त्यांतला एकही दाखला नव्हता. परंतु या विजयाने ती पदवी तिला थेट मिळाली, आणि ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली.

आता पाहावयाचे कसे? हल्ली प्रक्षेपणात पटाशेजारी एक काळी-पांढरी पट्टी असते. कोणाची बाजू किती वरचढ, हे संगणक तीत क्षणोक्षणी दाखवितो. नवख्याची दृष्टी त्या पट्टीवरच खिळते, व मग खेळ पाहणे न होता तापमापक पाहणे होते. आमच्याकडे पावसात वीज हटकून जाते व प्रक्षेपण खुंटते. असे झाले म्हणजे आम्ही शेवटची स्थिती घरच्या पटावर मांडतो आणि आता ती कोणती खेळी करील, हे ज्याने त्याने सांगावे, असा नेम ठेवितो. वीज आल्यावर ताळा पाहावा. आपली खेळी तिच्याशी जुळली तर आनंद. न जुळली तर का, याचा विचार करण्यात अधिक आनंद. वीज असतानाही ती पट्टी झाकून हेच करावे, अशी आमची शिफारस आहे. आजी, सून व नात एका पटाभोवती बसून वाद घालीत आहेत, हे दृश्य जुन्या बैठकीपेक्षा काही कमी रमणीय नाही.

परंतु या नादाचे खरे फळ निराळेच आहे. हंपीबाईंना 2002 साली, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर पद मिळाले. 2017 साली त्यांना कन्या झाली. त्यानंतर 2019 व 2024 या दोन्ही साली त्या जलद बुद्धिबळात जगज्जेत्या झाल्या. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर; त्या दिवशी आई बातुमीस लेकीबरोबर होती. तेव्हा बुद्धी तर हवीच. पण चार-पाच तास पटावरून न उठण्याची मुभाही हवी. ही मुभा कोणतीही संघटना देत नाही. ती घरानेच द्यावयाची असते. एकत्र कुटुंबात ती देणे अवघड नाही, कारण भात उतरविण्यास आणखी चार हात असतात, आणि त्यांतले दोन पुरुषाचे असले तरी भात बिघडत नाही.

दिव्याच्या विजयाने ज्यांस अभिमान वाटला, त्यांनी आपल्या ओसरीवर एकवार पाहावे. तेथे कोणी मुलगी पटावर डोके टेकून विचारात बसली असेल, तर तिला हाक मारू नये. तिचा डाव पुरा होऊ द्यावा; मग ती जिंको वा हरो.