वीस वर्षांचं आकाश

एका मोबाइल कंपनीला कधीकाळी लोक चक्क ‘बटाटा’ म्हणत. बिर्ला, एटीअँडटी आणि टाटा या तीन उद्योगसमूहांच्या भागीदारीचं ते चेष्टेतलं नाव. पुढे २००२मध्ये तिचं बारसं होऊन ‘आयडिया’ हे नाव ठेवलं गेलं. हैदराबादची टाटा सेल्युलर आणि महाराष्ट्र-गुजरातची बिर्ला कंपनी आधी एकत्र आल्या होत्या. २००१मध्ये त्यांनी मध्य प्रदेशातली आरपीजी सेल्युलर विकत घेतली आणि उज्जैन त्यांच्या नकाशावर आलं. राणोजी शिंद्यांना माळव्यात यायला घोडदळ लागलं. इथे करारनाम्यावर भागलं.

उज्जैनचं माधव नगर, म्हणजे फ्रीगंजचा भाग, त्याच शिंद्यांच्या घराण्यातल्या माधवरावांच्या नावाचं. टॉवर चौकातलं घड्याळ ही तिथली खूण. टॉवर म्हटलं की इथे आधी घड्याळ आठवतं, मोबाइलचा मनोरा नंतर. पुण्याचं सिम घेऊन या चौकात उतरलेल्या पाहुण्याला फोनवर ‘आयडिया’ हेच नाव दिसे, पण सर्कल बदललं म्हणून रोमिंगचा आकार सुरू होई. दूरसंचार खात्याच्या लेखी महाराष्ट्र हे एक सर्कल, मध्य प्रदेश-छत्तीसगड दुसरं. परवाना वेगळा, लहरीही वेगळ्या विकत घ्यायच्या.

मनोरा, डिझेलचं जनित्र, बॅटऱ्या, गच्चीचं भाडं हे सगळं डोळ्यांना दिसतं. कंपनीचा खरा जीव मात्र न दिसणाऱ्या मालात अडकलेला असतो. स्पेक्ट्रम म्हणजे रेडिओलहरींचा ठरावीक पट्टा, तोही कायमचा नाही, साधारण वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून घरात शिरते. पण तिच्यावर ओझं फार लादता येत नाही. फाइव्ह-जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा भरपूर माहिती वाहतो, मात्र लवकर दमतो. खेड्याला पहिली हवी, फ्रीगंजच्या बाजाराला दोन्ही. म्हणून कंपन्या लिलावात एकाच वेळी निरनिराळ्या पट्ट्यांवर बोली लावतात.

या लिलावांचे आकडे पाहिले की ‘हवा विकत घेणं’ हा वाक्प्रचार विनोदी राहत नाही. २०१०मध्ये थ्री-जीसाठी आयडियाने अकरा सर्कलांत मिळून सुमारे ५,७६९ कोटी रुपये मोजले. २०१५चा मार्च आणखी कठीण होता. पहिल्या पिढीतल्या परवान्यांची वीस वर्षं संपत आली होती आणि वर्षानुवर्षं वापरातल्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी पुन्हा बोली लावून मिळवायच्या होत्या. स्वतःच्याच घराचा लिलाव, त्यात स्वतःच बोली लावणारा! १९ दिवसांत ११५ फेऱ्या झाल्या आणि आयडियाचा हिशेब ३०,३०० कोटींच्या पुढे गेला. हे पैसे नवं घर बांधायला नव्हते; मुख्यतः जुन्या घरात राहण्यासाठी होते.

पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आली. तिने बोलणं फुकट केलं आणि बोलण्याच्या मिनिटांवर उभा असलेला जुना धंदा हलला. ऑगस्ट २०१८मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या.

उज्जैनकरांना फाइव्ह-जी दिसलं तेही जिओचंच. ऑक्टोबर २०२२मध्ये महाकाल मंदिराच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचं उद्घाटन झालं आणि १४ डिसेंबरला तिथेच जिओने सेवेचा आरंभ केला. जागेची निवड चतुराईची होती. देवदर्शनाच्या रांगेतला माणूस फोन काढून फोटो पाठवतो, घरच्यांना व्हिडिओ कॉलवर दर्शन घडवतो. जाळ्याची कसोटी पाहायला अशा गर्दीहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. सिंहस्थ कुंभमेळ्यात तर ही गर्दी कित्येक पटींनी वाढते. तेव्हा गाडीवर बसवलेले फिरते मनोरे आणावे लागतात. इंग्रजी आद्याक्षरांमुळे त्यांना धंद्यात ‘काऊ’ म्हणतात.

व्होडाफोन आयडियाची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. ऑक्टोबर २०१९मध्ये एजीआरच्या, म्हणजे कोणत्या उत्पन्नावर सरकारला वाटा द्यायचा याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. दूरसंचार खात्याच्या हिशेबाने या कंपनीकडची थकबाकी ५८,००० कोटींहून जास्त होती. तरीही २०२२च्या लिलावात तिने १८,७९९ कोटींची बोली लावली आणि मध्य प्रदेशासह सतरा सर्कलांत ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. जिओची त्याच लिलावातली बोली होती ८८,०७८ कोटी. त्यानंतर सरकारने कंपनीकडच्या येण्याचं रूपांतर समभागांत केलं: सरकारचा वाटा २०२३मध्ये सुमारे ३३ टक्के झाला, २०२५मध्ये सुमारे ४९. ज्याच्याकडून लहरी उधारीवर घेतल्या, तो घरमालकच सर्वांत मोठा भागधारक होऊन बसला.

२०२२च्या लिलावातला भाडेपट्टा २०४२मध्ये संपतो. सिंहस्थाचं गणित बारा वर्षांचं धरलं, तर त्यात दोन सिंहस्थ बसतात, २०२८चा आणि २०४०चा.