अडलेला किरण आणि परतलेला किरण

मुंबई-आग्रा महामार्गावरून कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी मागे टाकली, की थोड्याच अंतरावर लागणारी घोटी दोन गोष्टींसाठी सर्वपरिचित आहे, एक तेथील टोलनाका आणि दुसरी भाताच्या गिरण्या. आणि परस्परांशी काडीमात्र संबंध नसलेल्या अशा या दोन व्यवसायांत, समोर वस्तू आली की नाही याची खातरजमा आज एकाच कुळातील यंत्राकडून करून घेता येते. ते म्हणजे प्रकाशविद्युत संवेदक, अर्थात कारखान्यातील मंडळींचा ‘सेन्सर’.

प्रकाशाचा विद्युत्क्रियेवर होणारा परिणाम हर्ट्झ यांच्या प्रयोगांत १८८७ साली दृष्टोत्पत्तीस आला आणि १९०५ साली आइन्स्टाइन यांनी त्याची उपपत्ती लावली. आजच्या संवेदकात अर्धवाहकाच्या चिमुकल्या तुकड्यावर, म्हणजे ग्राहीवर, प्रकाश पडला, की त्याच्या आतच इलेक्ट्रॉन मोकळे होऊन प्रवाह वाहू लागतो. हा प्रकाश सोडणारा दिवा बहुधा अवरक्त किरणांचा असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करीत असल्यामुळे भर उन्हातही ग्राहीला आपला प्रकाश निवडून काढता येतो.

सर्वांत भरवशाच्या प्रकारात दिवा एका बाजूस व ग्राही समोर असतो. मधला किरण तुटला, की वस्तू आली. टोलच्या मार्गिकेत अशा किरणांची एकाखाली एक दाट रांग उभी करतात, कारण ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाचा जोडदांडा एकट्या किरणाच्या वरून वा खालून निसटला, तर एका वाहनाची दोन म्हणून नोंद व्हावयाची; रांगेतील एखादा तरी किरण दांडा अडवून धरतो आणि तो सरकेपर्यंत वाहन संपले असे यंत्र मानीत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाला खरा, पण एक गाडी कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे तो टॅग सांगू शकत नाही. शिवाय या भागातील पावसाळी धुक्यात, अंतर एकदाच कापणारा हा सरळ किरण इतरांपेक्षा अधिक तग धरतो.

दुसऱ्या प्रकारात दिवा व ग्राही एकाच डबीत बसवून समोर केवळ परावर्तक लावतात. तारा एकाच बाजूस ओढाव्या लागतात ही सोय मोठी. मात्र चकचकीत वस्तू स्वतःच प्रकाश परतवून यंत्राला फसवू शकते, म्हणून परावर्तकावरून कंपनाची दिशा बदलून आलेला प्रकाशच स्वीकारणारी गाळणी त्यात घालतात. तिसरा प्रकार परावर्तकही मागत नाही, वस्तूवरून विखुरलेल्या प्रकाशावरच तो भागवतो. त्यामुळे पांढरी गोणी त्याला दुरून दिसते आणि काळी वस्तू बरीच जवळ यावी लागते. उजेड किती आला याऐवजी तो कोणत्या कोनातून आला हे पाहणारी सुधारित जात हा दोष पुष्कळसा दूर करते.

गिरणीत मात्र या विद्येची खरी कसोटी लागते. तूस उडत असते, कोंडा काचेवर बसतो, आणि काच पुसण्याचा रिवाज नसेल तर उत्तम यंत्रही आंधळे होते. गिरणीवाले ज्याला ‘सॉर्टेक्स’ म्हणतात, त्या यंत्रात तांदूळ उतरत्या पन्हाळीवरून पडत असताना प्रकाशग्राही त्याचा प्रत्येक दाणा पाहतात. काळा वा पिवळा दाणा आढळताच पुढल्या क्षणी हवेचा झोत सुटून तो बाजूस फेकला जातो. पडता दाणा झोतासमोर कधी पोहोचेल याचा हिशेब आधीच बसवलेला असतो. तरीही त्या झोतात शेजारचे दोन-चार चांगले दाणे उडतातच, आणि म्हणून बाजूला पडलेला माल पुन्हा एकवार यंत्रातून काढण्याची तजवीज ठेवलेली असते.